गोजरबाईच्या ओवलेल्या सुया

२४ नोव्हेंबर २०२४

दिशा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. जी वाईट बातमी द्यायची होती ती दाजींना फोनवर दिली आहे, त्यापुढे नवीन काही नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर मी ‘हां’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाही. म्हणून पत्र.

आईचं सगळं रीतीप्रमाणे झालं. दहावा नदीवर केला. मुळेला धरणाचं आवर्तन सुटलेलं होतं, त्यामुळे पाणी चांगलं होतं. आप्पासाहेब मामांनी सगळं हातात घेतलं, मला काही बघावं लागलं नाही. तू आली नाहीस याबद्दल लोकांनी विचारलं. बडोद्याहून येणं लांब पडतं, तब्येतही बरी नाही, असं मी सांगितलं. तब्येत बरी असेल अशी आशा आहे.

मी तुला एका कामासाठी लिहितो आहे. आई गेलं वर्षभर एक गोधडी शिवत होती. मी कामावरून आलो की ती पायावर घेऊन बसलेली असायची. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, ‘आधी होऊ दे.’ त्या दिवशी दुपारी तिला घाम सुटला आणि राहुरीला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हाही गोधडी खाटेवर तशीच पसरलेली होती. पाऊण शिवून झाली होती.

आता ती गोधडी घरात नाही. तुला आपल्यातली रीत आठवते. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण दहाव्याला नदीवर नेऊन ठेवायचं, ज्याला गरज असेल तो नेतो. मामांनी खाटेवरचं सगळं एका गाठोड्यात बांधलं, आणि ही गोधडी आईच्या अंगावरची समजून तीही त्यात गेली. त्यांची चूक म्हणता येत नाही. खाटेवर होती, घडी मोडलेली होती. मी होतो तिथेच, पण माझं लक्ष नव्हतं.

तुला आईने या गोधडीबद्दल कधी काही कळवलं होतं का? तुमचं बोलणं बंद होतं हे मला माहीत आहे. तरी विचारतो.

दादा


८ डिसेंबर २०२४

दिशा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाचा भरवसा नसतो, म्हणून पुन्हा लिहितो.

गाठोडं सापडलं. घाटाच्या वरच्या अंगाला बाभळीखाली होतं तसंच होतं. मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावायला गावातलं कुणी धजत नाही, आणि बाहेरचा कुणी गरजू फिरकला नव्हता. मी सोडून पाहिलं. आईची लुगडी होती, उशी होती, गेल्या दिवाळीत मी आणलेली सोलापुरी चादरही होती. चादर अजून कोरी वाटावी अशी. फक्त गोधडी नव्हती.

मी तिथेच दगडावर बसलो. चोर असता तर त्याने चादर नेली असती. अर्धवट गोधडी कोण नेतं? तिच्यात दोरे लोंबत होते, एक कड उघडी होती. आणि नेल्यावर गाठोडं पुन्हा नीट बांधून ठेवलं होतं. ज्याने नेली त्याला ठाऊक होतं की ही अंगावरची नाही, नवी आहे. म्हणजे त्याने ती शिवताना पाहिलेली होती. पण दुपारी आई घरात एकटीच असायची. मी नागापूरला कारखान्यात, तुझी वहिनी अश्विनी कर्जतला शाळेत शिकवते, ती शनिवारी येते.

हे सगळं मला कसं सुचलं ते सांगतो. मी तुझी पुस्तकं वाचतो आहे. याआधी एकही वाचलेलं नव्हतं. नगरच्या दुकानातून सगळी आणली. दुकानदार म्हणाला, ‘यमुनाआत्या फार खपते, बायका तर रांगेने नेतात.’ मी त्याला सांगितलं नाही की लिहिणारी माझी बहीण आहे.

मला पुस्तकातलं कळत नाही, त्यामुळे चांगलं-वाईट सांगत नाही. यमुनाआत्या गोधडी शिवता शिवता चोर शोधते हे आईचंच आहे, ते कुणालाही ओळखू येईल. पण तुझी यमुनाआत्या फार बोलते. शेवटी सगळ्यांना ओसरीवर बसवते आणि बोट दाखवून सांगते, चोर हा. आई असं करत नव्हती.

तुला आठवतं का, मी मळ्यातले पेरू चोरले तेव्हा तारेला अडकून माझी खाकी चड्डी फाटली होती. मी पत्र्याच्या खोलीत लपून ती स्वतः शिवली, पांढऱ्या दोऱ्याने. आई भाकरी थापत होती. माझी पाठ तिच्याकडे वळली तेवढ्यात म्हणाली, ‘पेरू गोड होते का रे?’ बस. नंतर तिने माझे टाके काढले आणि खाकी दोऱ्याने परत शिवलं. अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि गोधडी घालायची असली की आपण दोघं तिची वजनं. जुनी धोतरं, लुगडी एकावर एक अंथरायची आणि थर हलू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर तू आणि एका कोपऱ्यावर मी. तू सारखी उठायचीस. आई म्हणायची, ‘दिशे, तुझा कोपरा उडाला बघ.’ मी उठत नसे. तिथेच झोप लागायची, आणि आई माझ्या भोवतीने शिवत जायची.

आणखी एक गोष्ट. आईच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात मला एक चष्मा सापडला. जाड काचा, काडीला काळा दोरा बांधलेला. आईचा चष्मा माझ्याकडे आहे. हा तिचा नाही. म्हणजे दुपारी आईजवळ कुणीतरी येऊन बसत होतं.

पाकिटात पोस्टाचं तिकीट ठेवलं आहे.

दादा


२२ डिसेंबर २०२४

दिशा,

रविवारी चष्मा घेऊन शरिफाचाचीच्या दुकानात गेलो. तिने आता फॉल-पिकोच्या बरोबर ब्लाउजही शिवायला घेतले आहेत. मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “बस बाळा. तोंड उतरलंय तुझं. जेवतोस का न्हाई?”

मी चष्मा पुढे ठेवला. तिने काच पुसून डोळ्याला लावून पाहिली.

“हा डोळ्याच्या कॅम्पातला. देवळापुढं वाटले हुते फुकट. माझ्याकडं बी तसलाच हाय, निम्म्या गावाकडं हाय. पन तू कशाला इचारतोस? बहिणीचं बघून तू बी डिटेक्टिव झालास काय?”

मी गोधडीचं सांगितलं. ती हसायची थांबली. मशीन बंद केलं.

“चाची, हल्ली गावात कुणाचा चष्मा हरवलाय का?”

“ते मला काय ठावं. पन एक सांगते. ती गोजरबाई हाय ना, ती आईचं झाल्यापास्नं माझ्याकडं येती. सुया घिऊन. म्हनती, ‘ओवून दे गं, मला दिसंना झालंय.’ एकदम मूठभर सुया ओवून नेती, पदराला टोचून. संपल्या की परत हजर. मी म्हनलं, काय बाई, लेकीचं रुखवत करतीस का ह्या वयात? तर काय बोलली न्हाई.”

मी चष्मा उचलून खिशात ठेवला. तू हे वाचत असशील तर इथे थांबली असशील.

गोजरबाईचं नाव या घरात सात वर्षं कुणी काढलेलं नाही. तुझ्या तिसऱ्या पुस्तकापासून. मी ते पुस्तक परवा वाचलं, आणि आता मला नीट समजलं की लोकांना कसं कळलं. तू नाव बदललंस, गावाचं नाव बदललंस, पण देवीचे चांदीचे वाळे तसेच ठेवलेस, आणि नातवाचं दुपटंही. गोजरबाईच्या लेकीची पहिली दोन पोरं राहिली नव्हती. तिसरं झालं तेव्हा तिने देवीच्या पायातले वाळे काढून आणले, बाळ तगेपर्यंत त्याच्या जवळ असावेत म्हणून, आणि दुपट्याच्या कडेत शिवून टाकले. गावभर चोरीचा गवगवा झाला. आई बाळाला बघायला गेली, दुपट्यावरून तिने हात फिरवला, आणि तिला कळलं. ती काही बोलली नाही. दुपटं धुऊन देते म्हणून घरी आणलं, कड उसवली, वाळे देवीच्या साडीच्या निऱ्यांत ठेवून आली, आणि कड होती तशी शिवून परत दिली. पुजारी म्हणाला, देवीने आपले आपण आणले. ते पोरगं आता दहावीला आहे.

हे आईने फक्त तुला सांगितलं होतं. मलासुद्धा नाही. तू लहानपणापासून तिच्या गोष्टी ऐकायचीस म्हणून सांगितलं असेल.

पुस्तक आल्यावर कुणीतरी ते ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचलं. त्यानंतर गोजरबाई भजनाला यायची बंद झाली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. आई तुला फोनवर म्हणाली ते मी शेजारी उभा राहून ऐकलं होतं. ‘मी शिवलं होतं ते तू उसवलंस.’ मग तिने फोन ठेवला तो कायमचा.

शरिफाचाचीने निघताना मला आणखी सांगितलं. दहाव्याच्या दिवशी तिने तुला राहुरीच्या स्टँडवर पाहिलं. रसवंतीच्या बाकड्यावर बसली होतीस. तिने टेम्पोतून हाक मारली तर तू ओढणी पुढे घेतलीस. ती म्हणते, ‘मी काम उरकून परत आले तरी बसूनच हुती पोर, मग माघारी जायच्या गाडीत चढली.’

मी हे तुला दोष द्यायला लिहिलं नाही. मी कारण समजू शकतो. आपल्या घरी यायचं तर गोजरबाईच्या दारावरूनच वाट आहे.

आता मला तिच्याकडे जायला हवं. दोन वेळा निघालो आणि पारापासून परत आलो. तिने ती गोधडी रागाने उसवून चिंध्या केल्या असतील तर मी तिला काय म्हणणार?

दादा


५ जानेवारी २०२५

दिशा,

गेलो होतो. झालं तसं लिहितो, माझ्याकडून काही घालत नाही.

गोजरबाई ओसरीवर उन्हात बसली होती आणि गोधडी तिच्यापुढे पसरलेली होती. चिंध्या केलेल्या नव्हत्या. ती शिवत होती. मला पाहून तिने मांडी मोडली नाही.

“आलास? मला वाटलं पोलिस घिऊन येशील.”

“चष्मा द्यायला आलो.”

“मंग दे की. हुबा काय ऱ्हायलास? शरिफाकडं खेटे घालून पायाचे तुकडे पडले माजे.”

चष्मा लावून तिने आधी गोधडीकडे पाहिलं. “अगं बया,” म्हणाली, “ही वळ समदी नागमोडी गेली. आंधळीनं शिवली जनू.” आणि माझ्यासमोर ती ओळ उसवायला बसली.

मी विचारलं, “गाठोड्यातून का काढलीस?”

“तुजा मामा लई शाना. ही काय तुज्या आईनं, कौसाबाईनं अंगावर घेतलेली हाय व्हय? कोरी हाय ही. कोरी गोधडी कुनी नदीवर टाकतं का?”

“मला सांगायचं होतंस. मी परत आणली असती.”

“तुज्या दारात यिऊन? समदं गाव बसलेलं. मला बगून बायांनी आदी आपापले दागिने चाचपले असते.”

ती हसली. मला हसता आलं नाही.

मग तिने जे सांगितलं ते असं. गेल्या संक्रांतीला आई स्वतः तिच्या दारात गेली. म्हणाली, ‘गोजरे, माझी नजर बारीक टाक्याला पुरत नाही, चल माझ्याबरोबर बस.’ ही म्हणाली, ‘मला चोरटीला कशाला घरात घेतीस?’ आई म्हणाली, ‘तुझा टाका माझ्यासारखा पडतो म्हणून घेते.’ तेव्हापासून रोज दुपारी ती परसातल्या दाराने यायची आणि माझी गाडी यायच्या आत जायची. मला सांगायचं नाही हे दोघींचं ठरलेलं होतं. का, तर गोजरबाई म्हणाली, “तुजं तोंड असं, की बगितलं की मानसाला वाटतं ह्यो आता रडतोय. मंग शिवनार कोन?”

मी गोधडीच्या जवळ बसून पाहिलं. तुझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचं कापड आहे. तुझ्या दिवाळीच्या पिवळ्या परकराचं आहे, ज्यावर तू शाई सांडली होतीस, डागासकट. अण्णांचं धोतर आतल्या थरात आहे. आईचं लग्नातलं लुगडं तिने कधी कशाला लावलं नव्हतं, ते चहूबाजूंनी काठाला आहे.

“ही दिशासाठी आहे,” मी म्हणालो.

“मंग काय माज्यासाटी?”

“आणि तुला माहीत होतं?”

“पैल्या दिसापास्नं. मी बी तुज्यावानी इचारलं. म्हनलं, कौसाबाई, जिनं माजं तोंड काळं केलं तिच्या अंगावर घालाया मी शिवू? तर ती म्हनली, ‘मी एकटीनं शिवली तर ती निस्ती आईची माया झाली. ती काय, पार्सलनं बी जाईल. तुजा हात लागला तर पोरीला गावात पाय ठिवता यील.’”

तिने मला गूळ-शेंगदाणे दिले. मी खाल्ले.

दिशा, तू ज्याची आईकडून वाट बघत होतीस ते तिने करून ठेवलं होतं. तिने तुझं नाव घेतलं नाही, तुला फोन केला नाही, आणि वर्षभर रोज दुपारी तेच करत बसली. मला तिचा राग आला. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तू आली असतीस, तुम्ही भेटला असता. पण ती तशीच होती. पूर्ण झाल्याशिवाय दाखवायची नाही.

एक बाजू शिवायची राहिली आहे. मी म्हणालो, झाली की मी बडोद्याला पाठवतो. गोजरबाईने गोधडी माझ्या हातून ओढून घेतली. म्हणाली, “हात लावू नगंस.”

दादा


२ फेब्रुवारी २०२५

दिशा,

तुझं पत्र मिळालं. कमी लिहिलं आहेस, पण मिळालं. दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं.

तू विचारलंस, ‘गोजरबाई माझ्याशी बोलेल का?’ मी माझ्या मनाने उत्तर देणार नव्हतो. आज रविवार म्हणून तुझं पत्र घेऊन तिच्याकडेच गेलो आणि ती ओळ वाचून दाखवली. तिने सुई गोधडीत टोचून ठेवली.

“कागद हाय का तुज्याकडं? मंग लिव. मी सांगते तसं. शान्यावानी सुधारू नगंस.”

पुढचं तिचं आहे. मी काही गाळलेलं नाही.

“लिव. तुजं पुस्तक मी ऐकलंय. तुज्या आईनं वाचून दावलं, येकेक अक्षर जुळवून. मी शिवायची, ती वाचायची. पावसाळा गेला त्यात.”

इथे मी थांबलो. आईने तुझं पुस्तक घरात आणू दिलं नव्हतं. गोजरबाई म्हणाली, “शरिफाकडनं मागवलं हुतं. पिठाच्या डब्याच्या मागं ठिवायची.” मग मी पुढे लिहू लागलो.

“वाचता वाचता येकदा तिचा आवाज बसला. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. ती म्हनली, न्हाई, तुला समदं ठावं पायजे, माज्या लेकीनं काय लिवलंय ते. लिव, मला राग आला हुता. लई आला. दोन दिस मी गेलेच न्हाई. मंग परत गेले. म्हनलं, अर्दी गोष्ट ऐकून कसं ऱ्हायचं.”

“लिव, पुस्तकात मला लई जाड केलीस. मी तवा काडीवानी हुते. आनि नातवाचं बरं लिवलंस. तो कसा धाप टाकायचा आनि मी त्याच्या छातीवर कान लावून बसायची, ते तुला कुनी सांगितलं? ते खरं हाय. तितं आमी दोगी थांबलो हुतो.”

समोरून कुणी बाई हंडा घेऊन गेली, तिने वळून आमच्याकडे पाहिलं. गोजरबाईनेही तिच्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं, पुढचं सांगितलं.

“लिव, तुजी यमुनाआत्या हुशार हाय, पर तिला शेवट कळला न्हाई. तुज्या पुस्तकात ती बाई पाटंच्याला बोचकं घिऊन गाव सोडून जाती. मी कुटं गेले? मी हितंच हाय. त्याच दारात. गाव तू सोडलंस.”

मी लिहून घेतलं.

“लिव, गोधडीची एक बाजू उगडी ठिवलीय. ती मी शिवनार न्हाई. तुज्या दादानं, ह्या कल्याणनं नेली तर तंगडं मोडीन त्याचं. जिची हाय तिनं माज्याफुडं बसून शिवायची. सुया ओवून ठिवल्यात. आता मला दिसतंय.”

“झालं?” मी विचारलं.

“वाच बगू.”

मी सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं, जाड काचांच्या मागे. शेवटी म्हणाली, “आनि ‘ये’ म्हनून लिवलं का?”

“नाही. तू तसं म्हणाली नाहीस.”

“मंग लिव की! समदं मीच सांगू का?”

तर, ये.

दादा